खर्जातला गंधार

कॅल्शियम सल्फेटच्या चकतीवर किरणोत्साराचा मारा झाला, की ती चकती तो लक्षात ठेवते. दिसायला काहीच फरक पडत नाही. मग केव्हातरी तिला २०० अंशांच्या वर तापवलं, की साठवलेली ऊर्जा ती उजेडाच्या रूपात परत देते, आणि किती उजेड निघाला त्यावरून किती मात्रा पडली होती ते कळतं. चकतीत डिस्प्रोसियम नावाच्या मूलद्रव्याचा अगदी किंचित अंश मिसळलेला असतो. इस्पितळांत एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ छातीवर जो बिल्ला लावतात, त्यात अशा तीन चकत्या असतात. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात माझी सगळी नोकरी हा उजेड मोजण्यात गेली.

या कामात एक गोष्ट अंगात मुरते. आकडा कुणाचाच नसला पाहिजे. मी वाचला काय, शेजारच्या टेबलावरच्याने वाचला काय, तोच यायला हवा. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाचं पोर घरी तापाने फणफणलंय, यातलं काहीही आकड्यात उतरता कामा नये, कारण त्या आकड्यावर कोल्हापूरच्या किंवा अमरावतीच्या कुण्या तंत्रज्ञाचं आरोग्य अवलंबून असतं. मोजमापातून स्वतःला वजा करणं, हे माझं कौशल्य होतं. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

निवृत्तीनंतर मी गाणं, चित्रं आणि बाग यांच्या मागे लागले, आणि तिन्ही ठिकाणी मला नेमकं उलटं शिकावं लागलं. इथे मोजायचं यंत्र मीच. माझा कान, माझा डोळा, माझी बोटं. हे यंत्र रोज सकाळी नव्याने लावून घ्यावं लागतं आणि त्याच्याबरोबर कुठलं माहितीपत्रक येत नाही.

अणुशक्तीनगरचं क्वार्टर सोडल्यावर आम्ही बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहायला आलो. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी छोटी छोटी घरं, सात घरांत मिळून एक अंगण, आणि कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. का, तर पुढेमागे ज्याला जसं परवडेल तसं त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याच्या भिंतीला हात न लावता. आता बहुतेकांनी वाढवलंय. उतरती छपरं जाऊन स्लॅब आले, अंगणात गाड्या आल्या. जुनी मंडळी हळहळतात. मला स्वतःला हे बदल तितके खुपत नाहीत. माणसं घर वाढवणार हे ज्याने आधीच ओळखून जागा सोडली, त्याच्या आराखड्यातच ते होतं. आमच्या ह्यांनीही वर एक खोली काढली. ती तंबोऱ्याची.

तंबोरा आईचा, मिरजेत केलेला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत तंतुवाद्यं करायला घेतली त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणीचं. आई गेल्यावर कितीतरी वर्षं तो खोळीत उभा होता. मी शाळेत असताना गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा दिली होती, पुढे एम.एस्सी., नोकरी, मुलं, आणि गाणं जे सुटलं ते सुटलंच. त्याच मंडळाची वास्तू वाशीला आहे. नोकरीच्या दिवसांत कामानिमित्त वाशीला कितीदा गेले असेन, पण त्या दिशेला पाय वळले नाहीत.

आता मला शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला ताई म्हणतात. पहिले काही आठवडे त्यांनी मला सा सुद्धा लावू दिला नाही. फक्त तंबोरा जुळवायचा. मी मोबाइलवरचा ट्यूनर समोर ठेवला होता. हिरवा दिवा लागला की तार बरोबर. बाईंनी तो पालथा घातला.

“आकडा बरोबर आहे हो, ताई. पण तार अजून बोलत नाहीये.”

मग त्यांनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली असलेला सुताचा दोरा नखाने सरकवला. किती? केसाएवढासुद्धा नसेल. तोवर टणटण वाजणारी तार एकदम गुंजायला लागली. एका स्वरातून स्वरांचा झोतच बाहेर पडला म्हणा ना. ट्यूनरच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. पालथा फोन उलटून पाहिला तर दिवा अजून हिरवाच.

याचं शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली सांगून ठेवलंय. तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात, ते उपस्वर. एरवीचा नियम असा की तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर वाजत नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गप्प बसायला हवा. तंबोऱ्यात हा नियम मोडतो. घोडीचा माथा सपाट धारेचा नसून हलका उतरता आणि गोलसर असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर दर फेरीला घासून जाते, आणि जे उपस्वर नसायला हवेत तेही ठसठशीत उमटतात. दोऱ्याने तार घोडीला नेमकी किती स्पर्श करणार ते ठरतं. हीच जवारी. रामन यांनी तबल्या-मृदंगावरही काम केलं. शाईमुळे चामड्यातून सुरेल उपस्वर कसे निघतात ते दाखवलं. एवढा मोठा माणूस आपल्या घरातल्या वाद्यापाशी थांबला, ऐकलं आणि विचारलं की हे असं का वाजतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि त्यांच्या कितीतरी आधी कुणा कारागिराने, समीकरण न मांडता, ती घोडी बोटांनी घासून घासून त्या उतारावर आणली होती.

जवारी नीट लागली आणि खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, तार एकटी छेडली, की षड्जाच्या मागोमाग तिच्यातून गंधार, म्हणजे ग, उगवतो. चार तारांतली एकही गंधाराची नसते. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे मधल्या सा च्या, शेवटची खर्ज. तरी गंधार ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा. तीत खर्ज १०३.८ हर्ट्झला बोलतो. त्याची पाचपट ५१९, तो हा तार सप्तकातला गंधार. बाजारात मिळणाऱ्या पेटीवर हाच गंधार वाजवला तर ५२३ येतात, कारण पेटीत सप्तकाचे १२ समान भाग पाडलेले. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला चार विस्पंद पडतात, आवाज थरथरतो. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली ती याच दुखण्यावर.

हे गणित मला पहिल्यापासून येत होतं. गंधार मात्र ऐकू येत नव्हता. बाई म्हणायच्या, “आला बघा,” मी मान हलवायची नाही. जे ऐकू आलं नाही ते आलं म्हणणं मला जमत नाही. तेवढी प्रयोगशाळा अजून अंगात आहे. बाईंनाही ते आवडायचं. “घाई नाही,” एवढंच म्हणायच्या.

एके सकाळी वर खोलीत एकटीच खर्ज छेडत बसले होते. खाली कुकर लागलेला. शिट्टी झाली, थांबली, आणि गंधार तिथे होता. षड्जाच्या वर, किंचित उशिराने, स्वच्छ. मी परत छेडलं, परत आला. धावत खाली जाऊन ह्यांना वर घेऊन आले. हे बसले, डोळे मिटून ऐकलं, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “मला काही नाही गं ऐकू येत.”

नोकरीत अशी नोंद मी खोडली असती. दुसऱ्या माणसाला न सापडणारी गोष्ट म्हणजे चूक, हे आमचं पहिलं सूत्र. त्या सकाळी मात्र मला तिळमात्र शंका नव्हती. आणि पुढे झालं असं, की हे रोज चहा घेऊन वर येऊन बसायला लागले, आणि पावसाळा संपता संपता एक दिवस कपातून मान वर करून म्हणाले, “हा का?” तोच होता. मला तेव्हा उमगलं की मी जुनं सूत्र सोडलेलंच नाही. दुसऱ्याला तोच आकडा यायला हवा हे इथेही खरं आहे; फक्त त्या दुसऱ्याचा कान आधी तयार व्हावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. बिल्ला वाचणारं यंत्र आपण विकत आणत होतो. हे यंत्र घडवावं लागतं.

भूप आणि देसकार यांनी हीच गोष्ट आणखी खोलात नेली. दोन्ही रागांत तेच पाच स्वर: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देसकाराचा वादी धैवत, राग सकाळचा. माझ्यातल्या मोजणारीला राहवलं नाही. बाईंनी गायलेल्या दोन्ही रागांचं रेकॉर्डिंग घेतलं आणि कोणत्या स्वरावर किती वेळ मुक्काम झाला याचा आलेख काढला. फरक अगदी स्वच्छ दिसला. एकात गंधाराचा सुळका, दुसऱ्यात धैवताचा. बाईंनी आलेख मन लावून पाहिला, फोटोही काढून घेतला. मग म्हणाल्या, “आता हे दोन सुळके सोडून मधली जी जागा आहे ना, तिथे राग आहे.” धैवतावर किती जोर द्यायचा, तिथून पंचमावर उतरताना किती रेंगाळायचं, गंधाराला नुसता स्पर्श करून कसं निघायचं. देसकार गाताना गंधारावर जरा जास्त थांबलं की भूप दाराशी उभाच. हे ऐकून ऐकूनच येतं, आणि ते यायला लागल्यावर जो आनंद होतो तो मला कुठल्याही शोधनिबंधाने दिलेला नाही. हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

चित्रं मी आधी केली नव्हती. म्हणजे प्रयोगवहीत उपकरणांच्या आकृत्या काढायची तेवढंच. जलरंगाकडे ओढलं ते कळलावीने. पावसाळ्यात आमच्यामागच्या डोंगरावर झुडपांच्या आधाराने ही वेल वर येते आणि गौरींच्या आगेमागे फुलते. गौरींना वाहतात म्हणून हे फूल मला लहानपणापासून माहीत. पण कागद-पेन्सिल घेऊन समोर बसले तेव्हा कळलं की ते मी पाहिलेलंच नव्हतं. कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळून वर जातात, कडांना मुरड पडलेली. सहा पुंकेसर चौफेर आडवे. आणि कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, तो तर अंडाशयातून निघाल्या निघाल्या काटकोनात वळतो आणि फुलाबाहेर बाजूला जातो. काटकोन! एवढा सरळ वळसा निसर्गात सहसा भेटत नाही, म्हणून तो अंदाजाने तिरका न काढता मी कोनमापकच लावून पाहिला. पानांची टोकं लांबून वळतात आणि शेजारच्या फांदीला धरतात. वेलीला वेगळे दोर फुटतच नाहीत. सगळं झाड विषारी, कंद सर्वांत जास्त. कोल्चिसीन त्यातच असतं, जे वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करायला वापरतात. त्यामुळे तोडत नाही. छत्री खांद्याला टेकवून जागेवरच बसते.

फूल रंग बदलत जातं. आधी हिरवट पिवळं, मग टोकाकडून लाल आणि देठाशी पिवळं, शेवटी सगळंच गडद किरमिजी. मधल्या अवस्थेत पिवळ्याचा लाल कुठे होतो, ती जागा रंगवणं ही माझी कित्येक पावसाळ्यांची साधना आहे. ओल्या पिवळ्यावर लाल सोडायचा; पण कधी? कागद फार ओला असेल तर लाल धावत सुटतो आणि सगळं नारिंगी होतं. वाळला असेल तर कड धरते आणि पाकळी ठिगळ लावल्यासारखी दिसते. मधला एक क्षण असतो, कागदावरची चकाकी गेलेली असते पण हाताला तो अजून गार लागतो. तो बोटांच्या मागच्या बाजूने चाचपून ओळखायचा. घड्याळ लावून हे जमत नाही, कारण बेलापूरच्या जुलैतला कागद आणि जानेवारीतला कागद एका वेळेत वाळत नाहीत.

जिथे मोजणं उपयोगी आहे तिथे मी मोजतेच. ॲलिझरीन क्रिमसन हा किरमिजी दिसायला देखणा, पण उजेडाने उडतो. म्हणून रंग विकत घेतला की एका पट्टीवर लावते, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकते आणि दक्षिणेच्या खिडकीत चिकटवून ठेवते. काही महिन्यांनी काळा कागद काढला की कोण टिकला आणि कोण उडाला ते दिसतं. किरणांनी पदार्थाचं काय होतं हे आयुष्यभर पाहिलेल्या बाईला ही खिडकी फार आवडते. क्विनाक्रिडोनचे लाल टिकतात. कळलावीला आता तेच वापरते.

बागेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे मी अजून ऐकण्याच्याच पायरीवर आहे. इथली जमीन मुरमाड. पावसात पाणी वाहून जातं, उन्हाळ्यात कुदळ उडते. माती विकत आणण्यापेक्षा करावी हे श्री. अ. दाभोळकरांकडून घेतलं. ते गणिताचे प्राध्यापक, आणि प्रयोग परिवार उभा करून त्यांनी द्राक्षबागाईतदारांना आपापल्या मळ्यात प्रयोग करायला लावले, नोंदी एकमेकांना द्यायला लावल्या. शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी आंबवून त्यात पालापाचोळा भिजवायचा, त्याचा ढीग लावायचा, तो कुजत आला की थोडी माती मिसळून त्यावर भाजी पेरायची. अंगणातला सगळा पाला आता माझ्याकडे येतो; शेजारच्या वहिनी रोज सकाळी सूप भरून आणून देतात.

त्या मातीत भुईमूग घेतला. वाण टीएजी-२४, ट्रॉम्बेचंच. किरणोत्साराने बियाण्यात बदल घडवायचे, त्यातले चांगले निवडायचे, त्यांचे संकर करायचे, या कामातून आमच्या केंद्राने भुईमुगाची जी वाणं दिली त्यांतलं हे गाजलेलं. मी ज्या किरणांपासून माणसांना जपायचं काम केलं, त्याच किरणांनी शेजारच्या विभागात हे दाणे घडत होते. फूल गळलं की त्याच्या बुडाशी आऱ्या सुटतात, खाली वळतात आणि मातीत शिरतात. शेंग जमिनीत धरते. माती घट्ट असली तर आऱ्या वरच सुकतात. म्हणून त्या दिवसांत बोटांनी माती हलकेच भुसभुशीत करत राहायचं, आऱ्या न दुखावता. नातीला हे काम येतं, माझ्यापेक्षा चांगलं. तिची बोटं लहान आहेत.

ओळखीचे लोक कौतुकाने म्हणतात, तुम्ही अगदी भाभांच्या परंपरेतल्या. होमी भाभा चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीताचे दर्दी होते, ट्रॉम्बेच्या आवारातल्या झाडांकडे जातीने लक्ष द्यायचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांनी तरुण चित्रकारांची चित्रं घेतली, हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र तिथेच आहे. १९४१ साली नागपूरला रामन यांनी त्यांना आजच्या काळातला लिओनार्दो द विंची म्हटलं होतं. मला भाभांबद्दल आदर आहे, आणि म्हणूनच ही तुलना मला मान्य नाही. त्यांनी हे सगळं एकाच वेळी केलं, ऐन उमेदीत. आमच्या पिढीच्या बायकांनी सकाळी डबे भरून बस गाठली, संध्याकाळी परत येऊन कुकर लावला, आणि गाणं खोळीत घालून भिंतीशी उभं केलं. प्रयोगशाळेत माझ्याबरोबरीची एक मैत्रीण उत्तम व्हायोलिन वाजवायची. निवृत्त झाली तेव्हा तिची बोटं संधिवाताने वळत नव्हती. कला ही म्हातारपणाची सोय आहे असं कुणी म्हणालं की मला तिची बोटं दिसतात आणि राग येतो. माझी लेक ऐरोलीला आयटीत आहे, ती बारा-बारा तास लॅपटॉपपुढे असते. तिला मी दर शनिवारी बोलावून घेते, आणि बाईंचा तास तिच्या वेळेला लावून घेतलाय. ती यमन शिकतेय. तिचा तीव्र मध्यम फार सुंदर लागतो.

यंदा आषाढ लागल्यापासून तंबोरा नीट बोलत नाही. गंधार येतो, पण अर्धवट, मान खाली घालून. मी खोलीतल्या हवेतला दमटपणा रोज लिहून ठेवतेय. पाऊस उघडला तरी फरक पडत नाही, तेव्हा नुसत्या हवेचा दोष नसावा. बाईंनी घोडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, तारांनी चरे पाडलेत, जवारी नव्याने काढावी लागेल. त्यांच्या ओळखीचे मिरजेचे एक कारागीर पाऊस सरला की इकडे येतात. मी म्हटलं, काढण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळचं रेकॉर्डिंग घेऊन उपस्वरांचा आलेख काढते. बाईंची हरकत नाही, पण एक अट आहे: काय बदललं ते आधी मी कानाने सांगायचं, आलेख नंतर उघडायचा. मी कबूल केलं. त्या कारागिरांना विचारायच्या प्रश्नांचं एक पान वहीत भरत आलंय. पहिला प्रश्न असा, की घोडीचा उतार जमला हे त्यांना आधी बोटाला कळतं, डोळ्याला, की कानाला?